दहावा प्रश्न : नंदुरबारच्या प्रगणक गुरुजी-बाईंना खुले पत्र

प्रिय गुरुजी, बाई, आणि यंदा पहिल्यांदाच आदेश हातात पडलेले शिक्षणसेवक,

सप्रेम नमस्कार.

जनगणनेचा आदेश आला की आपण सगळे पहिल्या दिवशी एकच काम करतो. नाव रद्द करून देणारा ओळखीचा माणूस शोधतो. मीही शोधला होता, २००१ ला आणि २०११ लाही. दोन्ही वेळा नाव तसंच राहिलं आणि दोन्ही वेळा मी पिशवी खांद्याला लावून डोंगर चढलो. आता निवृत्त आहे, कुणाचा आदेश येणार नाही, म्हणून हे पत्र निवांतपणे लिहितोय. ते तुम्हाला आहे. पण तालुक्यातलं गणनेचं काम बघणाऱ्या तहसील कार्यालयातल्या चार्ज अधिकाऱ्यांनी आणि मुंबईतल्या जनगणना संचालनालयानेही ते वाचलं तर माझी हरकत नाही.

गाव माझं शहादा तालुक्यातलं. नोकरीची निम्मी वर्षं धडगाव तालुक्यात गेली, उरलेली नवापूरकडे. घरची बोली अहिराणी. पावरी समजते, पण मी बोलायला लागलो की पोरं तोंडावर हात ठेवून हसतात.

आधी माझी चूक सांगतो.

फेब्रुवारी २०११. पाड्यावर पोहोचेपर्यंत दहा वाजले होते. कुडाचं घर, अंगणात खाट, खाटेवर मी, मांडीवर पॅड आणि पॅडवर तो मोठा फॉर्म. घडी घालायची नाही, डाग पाडायचा नाही, आकडा चौकटीबाहेर जाऊ द्यायचा नाही, असं प्रशिक्षणात बजावून बजावून सांगितलेलं. त्यामुळे माझं सगळं लक्ष फॉर्मवर, समोर कोण बसलंय याच्याकडे नाहीच. घरात एक म्हातारी, दोन सुना, चार लेकरं. कर्ते पुरुष गुजरातेत ऊसतोडीला. चौथीतला पोरगा आमचा दुभाषा. लिंग, वय, लग्न, धर्म, जमात असं करत दहाव्या प्रश्नाला आलो. 'आजीला विचार, तुमची मातृभाषा कोणती?' पोराने विचारलं. म्हातारी हसली, काहीतरी बोलली, मग सुनाही हसल्या.

'काय म्हणाली?'

'म्हणते, आपण बोलतो तीच.'

मी 'मराठी' लिहिलं. सातही ओळींत.

का लिहिलं? शाळा मराठी, सातबारा मराठी, मी मराठीत विचारणारा. शिवाय 'पावरी' लिहिलं असतं तर पर्यवेक्षक विचारणार, ही भाषा आहे की बोली? आणि उत्तर शोधायला मला परत तोच डोंगर चढावा लागणार. त्या दिवशी एकवीस घरं झाली. एकवीसच्या एकवीस मराठी.

पुढच्या जूनमध्ये त्याच पाड्यावरची एक मुलगी पहिलीत बसली. तिला मी म्हटलं, 'जा, पाणी पिऊन ये.' ती दप्तर उचलून घरी निघून गेली. तिला फक्त 'जा' कळलं होतं. त्या महिन्यातल्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत मी उभा राहून तक्रार केली की इथल्या पोरांना मराठीचा एक शब्द येत नाही, शिकवायचं कसं? टाळ्याही मिळाल्या. तिच्या घरातल्या सगळ्यांची मातृभाषा मराठी आहे हे चारच महिन्यांपूर्वी माझ्याच अक्षरात सरकारला लिहून दिलेलं होतं, हे मला तेव्हा आठवलंसुद्धा नाही.

दुसरी चूक घरातलीच. आमच्याकडे गणनेला आलेले गुरुजी माझे मित्र. चहा घेता घेता मी भराभर सांगत गेलो, ते लिहीत गेले. मातृभाषा म्हटल्यावर मी 'मराठी' म्हणालो. आतल्या खोलीतून आई ओरडली, 'मी कव्हय बोलनू रे मराठी?' आम्ही दोघं हसलो आणि पुढचा प्रश्न घेतला. आई आता नाही. तिच्या ओळीत अजून मराठीच आहे.

एवढ्यासाठी पत्र कशाला, असं वाटत असेल तर आपला जिल्हा जरा आठवा. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. तालुके सहा: नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी, ज्याला आपण धडगाव म्हणतो. २०११ ला माणसं मोजली १६,४८,२९५. त्यांतली सुमारे ११ लाख ४२ हजार अनुसूचित जमातींची, म्हणजे शंभरातली एकोणसत्तर. या आकड्याच्या पोटात काय काय आहे ते बाहेरच्याला सांगून पटत नाही. सातपुड्यात पावरा आणि भील, अक्कलकुव्याकडे वसावे, पाडवी, वळवी, तडवी, नवापूरकडे गावित-मावची आणि कोकणी. खाली तापीकाठी गुजर, राजपूत, पाटील. नंदुरबार शहरात गुजराती, मारवाडी, सिंधी, उर्दू बोलणारे मोहल्ले. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. तिथल्या एका बाकावर दोघं शेजारी बसले तर दोघांची राज्यं वेगळी असू शकतात, आणि गाडीची घोषणा चार भाषांत होते. शहरातला आपला सगळ्यात मोठा अभिमान म्हणजे बाल शहीद शिरीषकुमार. ९ सप्टेंबर १९४२ च्या मिरवणुकीत त्याच्या तोंडी असलेली घोषणा आठवा: 'नहीं नमशे, नहीं नमशे, निशाण भूमि भारतनु.' ती गुजराती आहे. दर वर्षी आपणच ती पोरांकडून म्हणवून घेतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. वाटूही नये.

विधानसभेच्या यादीत महाराष्ट्राचा पहिला मतदारसंघ अक्कलकुवा. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. नंबर मिळवण्यात आपण देशात पहिले आहोत. नाव नीट लिहून घेण्यात मात्र मागे पडलो, आणि त्यात माझाही हात आहे.

आता दहाव्या प्रश्नाचा नियम. २०११ च्या सूचना पुस्तिकेत तो होता, मी वाचला नव्हता. मातृभाषा म्हणजे लहानपणी आई त्या माणसाशी ज्या भाषेत बोलायची ती. आई तान्हेपणीच गेली असेल तर त्या घरात तेव्हा जी बोलली जायची ती. बोलता न येणाऱ्या बाळासाठी त्याची आई बोलते ती. एका घरात सगळ्यांची एकच असली पाहिजे असं अजिबात नाही. सासू मावची, सून कोकणी असेल तर दोन ओळींत दोन नावं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सांगितलेली भाषा दुसऱ्या कुठल्या भाषेची बोली आहे का, हे ठरवायचं काम प्रगणकाचं नाही. जे नाव सांगितलं ते पूर्ण लिहायचं. पर्यवेक्षकाने विचारलं तर हेच सांगा. कामावर निघण्याआधी यंदाच्या पुस्तिकेतलं तेवढं एक पान नीट वाचा. प्रश्नाचा क्रमांक कदाचित बदलेल, पण तो शोधायला अवघड नाही.

मराठीचं काय, असं विचारणारे भेटतील. मराठीची काळजी मलाही आहे, सगळा जन्म तिच्याच पगारावर गेला. पण तिच्यासाठी वेगळी जागा होतीच, लगेच पुढचा अकरावा प्रश्न: येत असलेल्या इतर भाषा, जास्तीत जास्त दोन. त्या एकवीस घरांतला एखादा ऊसतोडीहून परतलेला माणूस पावरी बोलतो, गुजराती बोलतो, बाजारात मराठी बोलतो. तीन भाषांचा माणूस आहे तो. मी त्याला एका भाषेचा करून ठेवला, आणि तीही त्याची तिसरी.

आपण लिहिलेल्या शब्दाचं पुढे काय होतं हे मला निवृत्तीनंतर कळलं. २०११ ला देशभरातून मातृभाषा म्हणून १९,५६९ वेगवेगळी नावं आली. ती चाळून, स्पेलिंगं जुळवून १,३६९ मातृभाषा ठरवल्या. आणखी १,४७४ नावं कुठेच बसली नाहीत, ती 'इतर'मध्ये गेली. मग या मातृभाषांचे गट करून १२१ भाषा जाहीर झाल्या, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ आणि बाहेरच्या ९९. दहा हजारांच्या आत बोलणारे असतील तर ते नाव स्वतंत्र छापलं जात नाही. हा दहा हजारांचा उंबरठा १९७१ पासूनचा. १९६१ ला १,६५२ नावं छापली होती, अगदी लहान लहानसुद्धा.

या चाळणीत आपला जिल्हा मुख्यतः दोन टोपल्यांत पडतो. पहिली 'भिली/भिलोडी'. तिच्यात पावरी, मावची, वसावा, तडवी, गामती-गावित, कोकणा, बारेली, भिलाली, वारली, पारधी, धोडिया असे सगळे आहेत. २०११ ला या टोपलीत १,०४,१३,६३७ माणसं होती. आठव्या अनुसूचीबाहेरची देशातली ही सगळ्यात मोठी भाषा. काश्मिरी ६८ लाख, संथाली ७४ लाख, डोगरी २६ लाख, बोडो १५ लाख, आणि या चारही अनुसूचीत आहेत. भिली एक कोटीच्या वर, आणि बाहेर. दुसरी टोपली 'खान्देशी': तिच्यात अहिराणी, गुजरी आणि डांगी, मिळून १८ लाख ६० हजार. म्हणजे मणिपुरीपेक्षा जास्त. आता अहिराणी बोलणारे आपण सगळे खरोखरच अठरा लाखांत मावतो का? धुळे, जळगाव, नंदुरबार, मालेगाव, बागलाण, आणि सुरतेच्या उधन्यात गेलेले वेगळेच. मावत नाही. माझ्यासारख्या किती जणांनी चहा घेता घेता 'मराठी' सांगितलं असेल याचा हिशेब कुणाकडेच नाही.

टोपली बरोबर की चूक, हा भाषातज्ज्ञांचा वाद आहे. इंग्रजांच्या काळात भारतातल्या भाषांचं सर्वेक्षण करणाऱ्या ग्रिअर्सनने १९०७ मध्येच भिली आणि खान्देशी एका खंडात शेजारी शेजारी बसवल्या होत्या. शेजारचा डांग भाग मराठी की गुजराती यावर १९६० च्या आधी केवढं रान पेटलं होतं. डांग गेलं गुजरातेत, पश्चिम खान्देशातली कितीतरी गावंही गेली, आजचे उच्छल आणि निझर तालुके त्यांतलेच. आणि जनगणनेने डांगीला ना मराठीखाली बसवलं ना गुजरातीखाली, खान्देशीखाली बसवलं. त्यामुळे वरचे लोक कुठे बसवायचं तिथे बसवोत. खालून खरं नाव गेलं तरच त्यांना बसवायला काहीतरी मिळेल. माझी एकवीस घरं चाळणीपर्यंत पोहोचलीच नाहीत.

काही नावांवर मात्र दोन मिनिटं जास्त थांबा.

नवापूर तालुक्यात माणूस तुम्हाला सांगेल, 'आमची कोकणी.' तुम्ही 'कोकणी' लिहाल आणि ते बरोबरच असेल. पण तेच अक्षर गोव्याच्या कोंकणीचंही आहे. ती आठव्या अनुसूचीतली, समुद्राकाठची, आणि या माणसाने समुद्र पाहिला असेल तर सुरतेच्या बाजूचा. त्याची भाषा कोकणा जमातीची, नाशिकच्या सुरगाण्यापासून डांगातून इथपर्यंत आलेली. संगणकाला हे दोन कोकणी वेगळे कळतील याची खात्री मला नाही. म्हणून परत विचारा: 'कोकणा लोकांची ना? मग कोकणा लिहू का?' तो हो म्हणाला तर तसं लिहा. संचालनालयाला विनंती एवढीच की नंदुरबार आणि नाशिकच्या आदिवासी गावांतून 'कोकणी' आली तर तिला थेट गोव्याच्या गाडीत बसवू नका.

दुसरं नाव 'तडवी'. आपल्या राज्याच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ते दोन ठिकाणी आहे. भील या नोंदीत 'तडवी भील' आणि धानका या नोंदीत 'तडवी', वळवींच्या शेजारी. अक्कलकुव्यातला तडवी वेगळा आणि जळगाव जिल्ह्यात यावल-रावेरकडचा तडवी भील वेगळा, तिकडे ते बहुतेक मुसलमान आहेत. आडनाव ऐकून जमात भरू नका. पाडवी आडनाव आहे आणि यादीत जमातीचं नावही आहे. वसावे, पावरा, गावित यांचंही तसंच. आडनाव पाटीवर लिहिलेलं असतं, जमात विचारावी लागते. या खेपेला तर सगळ्याच जाती विचारणार आहेत, १९३१ नंतर जनगणनेत पहिल्यांदा, त्यामुळे खाली तापीकाठीही हाच घोळ होणार आहे. त्यावर लिहायला दुसरं पत्र लागेल.

आता धर्म. इथे मी जपून लिहितो, कारण तुमच्या आधी आणि तुमच्या मागे पत्रकं वाटणारे असणार आहेत, एकाहून जास्त बाजूंचे. कुणी सांगेल 'हिंदूच लिहा', कुणी सांगेल 'आदिवासी धर्म लिहा', नवापूरकडे कुणी चर्चच्या यादीवरून भरून घ्यायला सांगेल. तुम्ही पत्रक वाचा, घडी घाला, खिशात ठेवा.

२०११ च्या फॉर्मवर धर्माला सहा आकडे होते: हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, जैन. या सहांपैकी नसेल तर आकडा टाकायचा नाही, धर्माचं नाव पूर्ण लिहायचं. ही शेवटची ओळ आपल्यापैकी किती जणांनी वापरली? माझ्या गटात एकदाही नाही. एका पावरा घरात मी विचारलं, 'धर्म?' तो म्हणाला, 'पावरा.' म्हटलं, 'ती जमात झाली, धर्म सांग.' तो विचारात पडला. म्हणाला, 'आम्ही इंदल करतो.' नवस फेडायला रात्रभर जागून करायचा तो इंदल मी त्याच्याच अंगणात बसून पाहिलेला होता. मी १ टाकला आणि पुढे गेलो.

आता तो माणूस 'हिंदू' म्हणाला असता तर १ च बरोबर होता, हेही नीट सांगतो. असं म्हणणारे पुष्कळ आहेत, दिवाळीत अस्तंब्याच्या यात्रेला जातात, सारंगखेड्याला दत्ताला जातात, त्यांचं उत्तर त्यांचंच आहे. तळोद्याकडे गुलाम महाराजांच्या आप पंथाची घरं आहेत. १९३० च्या दशकात त्या माणसाने हजारो आदिवासींची दारू सोडवली, अजून तिकडे 'आप की जय' म्हणून नमस्कार होतो. ते काय सांगतील ते तुम्ही आधीच ठरवू नका. याहामोगी देवीला बोकड देणारा, शिवेवरच्या वाघदेवाला पुजणारा माणूस तुम्हाला 'आदिवासी' म्हणेल, 'भील' म्हणेल, 'हिंदू' म्हणेल किंवा 'तुम्हीच लिहा गुरुजी' म्हणेल. हे शेवटचं उत्तर सगळ्यात धोक्याचं. तेव्हा पेन खाली ठेवायचं, किंवा यंदाच्या भाषेत मोबाइल उलटा ठेवायचा, आणि पुन्हा विचारायचं.

झारखंडकडच्या लोकांनी ती रिकामी ओळ वापरली. २०११ ला सहा धर्मांबाहेरचे म्हणून देशात ७९,३७,७३४ लोक मोजले गेले, त्यांतल्या ४९ लाख ५७ हजारांनी 'सरना' लिहून घेतलं. त्या आकड्याच्या बळावर नोव्हेंबर २०२० मध्ये झारखंडच्या विधानसभेने सरनासाठी वेगळ्या रकान्याचा ठराव केला. इंग्रजांच्या काळात आदिवासींच्या धर्माला वेगळा रकाना होता, नाव कधी 'ॲनिमिस्ट', १९३१ ला 'ट्रायबल'. स्वातंत्र्यानंतर तो राहिला नाही. रकाना असावा की नसावा यावर मला मत आहे, पण ते तुमच्या कामाला लागत नाही.

एक भीती मात्र घरोघर भेटेल: 'दुसरा धर्म सांगितला तर जमातीचा दाखला जाईल का?' अनुसूचित जमातीचा माणूस कुठल्याही धर्माचा असू शकतो, जनगणनेच्या सूचनांतच तसं आहे. हिंदू, शीख, बौद्ध ही अट अनुसूचित जातींना आहे. नवापूरकडची ख्रिस्ती गावित कुटुंबं हाच प्रश्न मला दबक्या आवाजात विचारायची. शिवाय १९४८ च्या जनगणना कायद्याप्रमाणे ही माहिती गोपनीय आहे, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. हे त्यांना दारातच सांगा, फॉर्म उघडायच्या आधी.

आता जे लिहितोय ते तुमच्या हातात नाही, म्हणून ते चार्ज अधिकारी आणि त्यांच्या वरच्यांसाठी.

१६ जून २०२५ च्या अधिसूचनेप्रमाणे लोकसंख्या मोजण्याचा क्षण १ मार्च २०२७ ची मध्यरात्र आहे, म्हणजे प्रत्यक्ष काम फेब्रुवारीत. फेब्रुवारीत धडगाव आणि अक्कलकुव्याचे पाडे कसे असतात ते कुठल्याही शिक्षकाला विचारा. हजेरीपटच सांगेल. दिवाळी झाली की मुकादमाच्या गाड्या लागतात. कोणी बारडोलीकडे उसाला, कोणी सौराष्ट्रात शेतीवर, कोणी सुरतेत बांधकामावर. माणसं होळीला परत येतात. कुठेही असोत, येतातच, कारण काठी गावची राजवाडी होळी पहाटे पेटते तेव्हा तिथे नसणं म्हणजे काय हे सांगता येत नाही. २०२७ ची होळी मार्चच्या उत्तरार्धात आहे. तुमची गणना संपल्यावर तीन आठवड्यांनी.

गेल्या वेळचा नियम असा होता की ९ ते २८ फेब्रुवारी हा सगळा काळ जो बाहेर आहे त्याला घरच्या यादीत धरायचं नाही, तो जिथे असेल तिथे मोजला जाईल. नियम बरोबर आहे, नाहीतर माणूस दोनदा मोजला जाईल. पण उसाच्या फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या असतात. पहाटे चारला माणसं फडात आणि दुपारी कोप्या रिकाम्या. तिथला गुजराती प्रगणक दुपारी गेला तर त्याला कुत्रं आणि पाळण्यातलं पोर भेटणार. माणूस इथेही नाही आणि तिथेही नाही. मग रेशनचा इष्टांक, आदिवासी उपयोजनेचा निधी, शाळेतल्या शिक्षकांची मंजूर पदं ठरवताना कुठला आकडा हाताशी असणार? माझं एवढंच मागणं की नंदुरबारच्या प्रशासनाने गुजरातेतल्या तापी, सुरत, नर्मदा, भरूच या जिल्ह्यांच्या प्रशासनांशी आधीच बोलावं, साखर कारखान्यांकडून टोळ्यांच्या याद्या घ्याव्यात, आणि कोप्यांची गणना रात्री करावी. बेघरांची गणना रात्री होतेच की. आणि पाड्यावर मागे राहिलेल्या म्हातारीला विचारून कोण कुठे गेलंय याची वेगळी नोंद ठेवावी. तिला सगळं माहीत असतं, मुकादमाचं नावसुद्धा.

नर्मदाकाठी बोटीशिवाय जाता येत नाही असे पाडे आहेत. सरदार सरोवराच्या पाण्यामुळे जी गावं उठून तळोदा-शहाद्याच्या वसाहतींत आली, त्यांची काही घरं अजून वर डोंगरातच आहेत. एका कुटुंबाची दोन घरं, एक वसाहतीत आणि एक पाण्याकाठी. नजरी नकाशा काढताना हे लक्षात ठेवा. बोटीचं डिझेल मानधनातून जाऊ नये, हेही कुणीतरी वर सांगा. मी सांगितलं होतं, २०११ ला.

यंदा कागद नाही, मोबाइल आहे. फॉर्मवर डाग पडायची भीती गेली, नेटवर्कची आली. माझी काळजी वेगळी आहे. मोबाइलवर एका घरात जे भरलं तेच बोटाने खाली सगळ्यांना भरायचा मोह कागदापेक्षा मोठा असतो. यादी उघडली आणि वरच 'मराठी' दिसलं तर अंगठा तिथेच जाणार. पावरी, मावची, वसावा खाली कुठेतरी असतील. खाली जा.

आणि प्रश्न विचारायची पद्धत बदला, तेवढं एक माझं ऐका. 'तुमची मातृभाषा कोणती' हे वाक्य आपल्या जिल्ह्यातल्या निम्म्या लोकांना कळत नाही, उरलेल्यांना ती परीक्षा वाटते आणि गुरुजींना आवडेल ते उत्तर ते देतात. विचारा, 'लहानपणी आई तुमच्याशी कशात बोलायची?' मी हे परवा बाजारात एका भाजीवाल्या म्हाताऱ्याला सहज विचारून पाहिलं. आधी मातृभाषा विचारली तेव्हा तो म्हणाला होता, 'लिखी ले बापू, तुले जे लिखनं शे ते.' दुसऱ्यांदा असं विचारल्यावर त्याने हातातली वांगी खाली ठेवली आणि आई काय काय बोलायची ते सांगत बसला. मागे गिऱ्हाइकं खोळंबली.

आमच्या घरी या वेळी दोन तरी भाषा होणार आहेत, कदाचित तीन. माझी आणि मुलाची अहिराणी, ते ठरलं. सून कोल्हापूरची, तिची मराठी. नातू अडीच वर्षांचा. त्याच्या ओळीत त्याची आई त्याच्याशी बोलते ती भाषा यायला हवी, नियम तसाच आहे. सून म्हणते, 'बाबा, मी तर त्याच्याशी इंग्लिशमध्येच बोलते, शाळेत सोपं जावं म्हणून.' मी म्हटलं, रागावतेस तेव्हा कशात रागावतेस? ती म्हणाली, 'मराठीत.' मुलगा म्हणतो, मग मराठी लिहा. नातवाला विचारलं तर तो 'भू' म्हणतो. भू म्हणजे पाणी, ते त्याला माझ्याकडून मिळालंय. तुमच्यापैकी जे कोणी आमच्या गल्लीत येतील, त्यांनी जरा वेळ काढून या. चहा होईल, पण फॉर्म भरून झाल्यावर.

आपला,
एक निवृत्त गुरुजी
शहादा तालुका, जि. नंदुरबार